मुहूर्ताचं व्हर्जन

"बाराशे चाळीस क्विंटल?"

माणिकशेठनी वजनाची पट्टी हातात धरून चष्मा वर केला, मग खाली केला, मग काढूनच टाकला. आकडा काही बदलला नाही.

"ताई, एका पिकअपमधून?"

पिकअप समोरच उभा होता, रिकामा. त्यातला कापूस आत्ताच हमालांनी जिनिंगच्या अंगणात ओतला होता. कापसाचे मालक गंगाधरमामा शेजारी उभे. डोक्यावर शेठनी घातलेली नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, हातात नारळ. हंगामाची पहिली गाडी त्यांची, म्हणून हा मान. त्यांनी वाकून पट्टी वाचली आणि शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की शेठ. देव द्यायलाय तर तुमी कामून आडवायलात?"

सगळी मंडळी खो-खो हसली. मीही हसले. पण हसता हसता पट्टी शेठच्या हातातून काढून घेतली.

जिंतूर रोडवरच्या माणिकशेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, त्या दिवशी काटापूजन होतं. आमच्याकडं कापसाची खरेदी अशीतशी सुरू होत नाही. आधी वजनकाट्याची पूजा. काट्याला हार, पुढं नारळ, पेढे. पहिल्या गाडीची आणि तिच्या मालकाची ओवाळणी. मग ती गाडी काट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन, मग कापूस उतरवून रिकाम्या गाडीचं वजन, आणि दोन्हीतला फरक म्हणजे कापूस. तो फरक पट्टीवर छापून शेतकऱ्याच्या हातात देतात. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते आमचं.

मी सुनंदा. परभणीत आमची छोटी कंपनी आहे. माझं काम रिलीज, म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर नीट पोचवणं. ऐकायला सोपं वाटतं. पाहुण्यांना जेवायला वाढणंही ऐकायला सोपंच वाटतं.

त्या दिवशी माझा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला होता. आमच्या सरांचे भागीदार पुण्यात असतात. त्यांचं म्हणणं, परभणीचं ऑफिस परवडत नाही, सगळ्यांनी पुण्याला या. सरांनी हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला होता. काटापूजनाला आसपासचे जिनिंगवाले पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना सॉफ्टवेअर पसंत पडलं तर ऑफिस राहणार, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. आमचे हे पिंगळीच्या शाळेत शिक्षक. म्हणजे ते आणि पोरगी इथं, आणि मी पुण्यात एकटी. यांनी माझ्यासाठी तिकडं एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती. 'हवेशीर आहे' म्हणाले. मला त्या हवेशीर खोलीच्या नुसत्या नावानं रडू यायचं.

आणि त्याच पाहुण्यांसमोर आमच्या सॉफ्टवेअरनं एका पिकअपमध्ये बाराशे चाळीस क्विंटल कापूस कोंबला होता.

आता चूक कुठं झाली हे कळायला आमच्या घराची रचना सांगते. आमचे प्रोग्रॅम तीन. एक 'काटा', तो वजन घेतो. दुसरा 'पट्टी', तो वजन छापतो. तिसरा 'टोकन', मोबाईलवरचा. गाडी कधी आणायची ते शेतकऱ्याला त्यावर कळतं. तिघांनाही लागणाऱ्या काही गोष्टी सारख्याच असतात. वजन, तारीख, गाडीचा नंबर. त्या प्रत्येकात वेगवेगळ्या लिहिण्यापेक्षा आम्ही एकाच ठिकाणी लिहून ठेवल्यात. त्याला म्हणतात लायब्ररी. आमच्या लायब्ररीचं नाव 'पाया'. तिघं त्या पायावर उभे. याला आमच्या भाषेत डिपेंडन्सी म्हणतात. म्हणजे एकाचं दुसऱ्यावाचून अडणं. संसारच म्हणा ना.

पायात सुधारणा झाली की त्याला नवा नंबर देतो. नंबरात तीन आकडे असतात. शेवटचा आकडा वाढला म्हणजे किरकोळ डागडुजी. मधला वाढला म्हणजे नवीन काहीतरी घातलंय, जुन्याला धक्का नाही. आणि पहिला वाढला म्हणजे सावधान, जुनं मोडलंय, आधी आपलं घर तपासा मग घ्या. जगभरचे सॉफ्टवेअरवाले साधारण हीच रीत पाळतात.

पट्टीला आम्ही सांगून ठेवलं होतं, 'पाया दोन नंबराच्या घरातला, म्हणजे पहिला आकडा दोन असेल, तर नवीनात नवीन आपोआप घे. पण तीन आला तर हात लावू नको.' डागडुजी झाली की प्रत्येक प्रोग्रॅमला जाऊन सांगत बसायला नको, म्हणून ही सोय.

यंदा पायात मोठा बदल केला. जुना पाया वजन क्विंटलमध्ये द्यायचा. त्यावरून दरवर्षी भांडणं. पट्टीवर १२.४ छापून यायचं, म्हणजे बारा क्विंटल चाळीस किलो. वाचणारा वाचायचा बारा क्विंटल चार किलो. मग काय, छत्तीस किलो खाल्ले म्हणून बोंबाबोंब. त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं सांगा? म्हणून नवा पाया सरळ किलोत वजन देतो, आणि प्रोग्रॅमनं त्याचं 'इतके क्विंटल इतके किलो' असं सुटसुटीत करून दाखवायचं. काटा त्याप्रमाणे बदलून झाला होता. पट्टीचं काम मोठं, ते बाकी होतं. तोवर तिनं जुन्याच पायावर राहायचं. जुनं मोडलंय, म्हणून नव्या पायाचा नंबर मी ठरवला ३.०.०.

आदल्या दिवशी सर माझ्या मागं येऊन उभे राहिले. विलास सर म्हणजे देवमाणूस. कुणाचा पगार कधी अडवला नाही, कुणाला कधी टाकून बोलले नाहीत. पण स्कूटरचा नंबरसुद्धा पंचांग बघून घेणारे.

"हे काय, सुनंदाबाई? तीन?"

"हो सर. पायाचं नवं व्हर्जन."

"तीन तिगाडा, काम बिगाडा! अन् पुढं दोन भोपळे? उद्या काटापूजन हाय. आहेराच्या पाकिटात तरी कुणी शंभर घालतं का? एकशे एक घालतो. वरचा एक शकुनाचा असतोय."

"सर, हा आहेर नाही. हा नंबर अर्थाचा आहे. पहिला आकडा बदलला नाही तर पट्टीला कळणारच नाही की जुनं मोडलंय."

"बरं बरं," असं म्हणून सर निघून गेले. मला वाटलं, पटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं की पुरुषांच्या 'बरं बरं'चा अर्थ तो नसतो.

मग काटापूजनाच्या सकाळी माणिकशेठचा फोन. "ताई, पट्टीच्या डोक्यावर 'श्री' पायजे. पहिली पट्टी देवापुढं ठेवायची असती." एवढंच ना? मी आमच्या इरफानला सांगितलं. इरफान ऑफिसमध्ये बसून प्रोग्रॅम बनवतो, हुशार आणि मन लावून काम करणारा. त्यानं 'श्री' घातला, पट्टीचा नवीन बिल्ड काढला, म्हणजे सगळे भाग पुन्हा जुळवून प्रोग्रॅम तयार केला, आणि ऑफिसातूनच जिनिंगच्या कॉम्प्युटरवर पाठवला. एक पट्टी छापूनही बघितली. काय बघितलं? तर 'श्री' बरोबर मधोमध आलाय का. तो अगदी मधोमध आला होता.

तर आता मी काट्याच्या खोलीत, हातात ती पट्टी. वर सुबक 'श्री', खाली बाराशे चाळीस क्विंटल. काट्याच्या स्क्रीनवर मात्र स्वच्छ दिसत होतं, बाराशे चाळीस किलो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पट्टीला किलो मिळालेत आणि ती त्यांना क्विंटल समजतेय. म्हणजे पट्टी नव्या पायावर बसलीय. पण कशी बसेल? तिला तर तीनला हात लावायची बंदी होती.

मी इरफानला फोन लावला.

"इरफान, सकाळच्या बिल्डनं कोणता पाया उचललाय बघ."

"बघायलोय ताई... दोन पॉइंट अकरा पॉइंट एक."

"असलं व्हर्जनच नाही आपल्याकडं!"

"हाय की. काल संध्याकाळी टाकलंय." मग जरा दबक्या आवाजात, "ताई, सरांच्या नावानं हाय."

"आणि तीन?"

"तीन दिसंना. त्याच्यात होतं तेच सगळं ह्याच्यात हाय. नुसता नंबर बदललाय."

खिडकीतून बाहेर बघितलं. सर पाहुण्यांच्या मधे बसले होते, नवा कुर्ता, कपाळाला गंध, हातात पेढा. चेहऱ्यावर असं समाधान, जणू मुलीचं लग्न पार पडलंय. मला इतका राग आला, इतका राग आला की त्यांच्या हातातला पेढा काढून घ्यावासा वाटला. माझी पोरगी, माझं घर, सगळं एका शकुनाच्या आकड्यापायी पणाला?

मी खुणेनं त्यांना आत बोलावलं.

"सर, पायाचा नंबर तुम्ही बदलला?"

"ते होय? ते जरा शुभ करून घेतलं. दोन, अकरा अन् वर एक. लय छान नंबर हाय. आत काही हात लावला न्हाई हां मी."

"आत लावला असता तर बरं झालं असतं! अहो, पट्टीला दोनच्या घरातलं काहीही चालतं. तुम्ही मोडलेल्या मालावर धडधाकट मालाचं लेबल लावलं. तिनं विश्वासानं उचललं."

मी पट्टी पुढं केली. सरांनी वाचली. पेढा खाली ठेवला. मग दोन्ही हात कपाळावर.

"हात दाखवून अवलक्षण झालं की हो हे, सुनंदाबाई."

"झालंच."

"मग आता? एक करू या का? प्रिंटर बिघडलाय म्हणू."

"सर, प्रिंटर शेठचा आहे. पूजेच्या दिवशी त्यांच्या यंत्राला नावं ठेवायची आणि पाहुण्यांना म्हणायचं आमच्यावर भरवसा ठेवा?"

बाहेर गंगाधरमामांच्या मागं गाड्या लागल्या होत्या, पिकअप, ट्रॅक्टर, एक टेम्पो. एकानं हॉर्न वाजवला, मग त्याचं बघून सगळ्यांनी. मी इरफानला सांगितलं, "पट्टीला जुना पाया नावानिशी बांधून टाक. हाच घ्यायचा, दुसरा नाही. 'श्री' राहू दे. नवीन बिल्ड काढ. आणि पाठवायच्या आधी वजन बघ रे बाबा, वजन!"

"बघतो ताई. ह्या वेळी 'श्री'कडं बघतच न्हाई."

तोवर सर बाहेर गेले होते. मला वाटलं, गेले प्रिंटरची गोष्ट सांगायला. मी मागोमाग धावले. तर ते पाहुण्यांसमोर हात जोडून उभे.

"मंडळी, चूक माझी हाय," सर म्हणाले. "ह्या बाईनं बरोबर नंबर दिला होता. तीन. मला तीन अशुभ वाटला. मी शकुनाचा नंबर टाकला, अन् त्यानं सगळा घोळ केला. बाईनं सांगून ठेवलं होतं, म्या ऐकलं न्हाई. थोडा वेळ द्या, दुरुस्त व्हायलंय."

मी सरांबरोबर इतकी वर्षं काम केलंय, पण त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. आणि तितकीच भीतीही वाटली. कारण पाहुण्यांपैकी एकजण चपला शोधायला लागला.

शेवटी सेलूकडचे ओमशेठ होते, त्यांनी तोंड उघडलं. त्यांची देवगाव फाट्याच्या पुढं जिनिंग. जाडजूड माणूस, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना फुली मारून ठेवली होती.

"विलासराव," ते म्हणाले, "आमच्याकडं रुईची गाठ बांधली की तिच्यावर नंबर घालतेत. कोणत्या लॉटची, कसला माल, ते त्याच्यावरून कळतंय. उद्या मी म्हणालो की तेरा नंबर बरा दिसंना, एकवीस घाला, तर चालंल का? व्यापारी गाठ माझ्या अंगावर फेकून मारंल."

"मारंल," सर खाली मान घालून म्हणाले.

"तुमालाबी मारायला पायजे."

सगळे हसले. सरही हसले. मला जरा हायसं वाटलं, पण हसण्यानं सॉफ्टवेअर विकलं जात नाही.

इरफानचा बिल्ड आला. जिनिंगमध्ये नेटवर्क म्हणजे आजकालचा पाऊस, आला तर आला. माझ्या मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला जोडलं आणि मोबाईल खिडकीच्या गजात उभा करून ठेवला. फाईल उतरली. मी पट्टी सुरू केली, गंगाधरमामांच्या गाडीची नोंद पुन्हा घेतली. प्रिंटर करकरला. वर 'श्री', खाली १२.४ क्विंटल.

सुटले एकदाची! मी पट्टी मामांच्या हातात दिली.

मामांनी ती लांब धरून वाचली. टोपी मागं सरकवली. चेहरा बदलला.

"बारा क्विंटल चार किलो?"

"अहो मामा..."

"मगाशी बाराशे दिलते, ते गेले तर जाऊ द्या. पर माझा हक्काचा छत्तीस किलो कुठं गेला? गावात काट्यावर चढवून आणलाय मी, बारा क्विंटल चाळीस भरलाय!"

झालं! जुना पाया आला म्हणजे जुनं भांडणही आलं. अर्थातच. नवा पाया आम्ही केला कशासाठी होता? मला हसावं की रडावं कळेना. मी मामांचा हात धरून त्यांना काट्याच्या स्क्रीनपुढं नेलं.

"हे बघा मामा. किलोत वाचा. किती?"

"बाराशे चाळीस."

"शंभर किलोचा एक क्विंटल. बाराशेचे झाले बारा. मागं राहिले?"

"चाळीस."

"हां! पट्टीवर पॉइंट चार म्हणजे तेच चाळीस. वजन बरोबर आहे, लिहिणं वाकडं आहे."

मी पेन घेतलं, पट्टीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बारा क्विंटल चाळीस किलो', आणि खाली सही केली. माणिकशेठनीही केली. मामा खूश झाले. नारळ सांभाळत म्हणाले, "असं मराठीत लिवायला काय हुतं तुमच्या मशीनला?"

ओमशेठ दारात उभे राहून हे सगळं बघत होते. मला म्हणाले, "ताई, ह्या पॉइंटावरून माझ्याकडं दर हंगामात मारामाऱ्या व्हायल्यात. गेल्या साली तर काटेवाल्यानं कामच सोडलं. तुमी त्याच्यावर काही काढलंय का?"

"काढलंय शेठ. त्यासाठीच तर नवा पाया. काट्यावर आहे, पट्टीवर यायचाय. तपासल्याशिवाय देणार नाही."

"ते किलोवालं कोणत्या नंबरचं?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी छताकडं बघितलं.

"तीन," मी म्हणाले.

"मग मला तीन द्या. तपासून द्या, पर तीनच द्या. अन् एक अट हाय. नंबर ह्या बाईच देतील. विलासराव, तुमी त्याला हात लावायचा न्हाई."

"कानाला खडा," सरांनी खरंच कान धरला.

त्यांचं बघून जिंतूरकडच्या आणखी एका जिनिंगवाल्यानं विचारपूस सुरू केली. मी त्यांना काटा दाखवत होते तेव्हा बाहेर गाड्या एकेक करून पुढं सरकत होत्या. त्या दिवसभर प्रत्येक पट्टीवर मी नाहीतर काटेवाला हातानं किलो लिहीत होतो. बोटं दुखून आली, पण एकही भांडण झालं नाही.

पट्टीचं काम इरफाननं आणि मी मिळून पुरं केलं. वजन तपासलं, रिकामी गाडी तपासली, अर्धवट उतरवलेली गाडी तपासली. मगच पायाला पुन्हा तीन नंबर देऊन सगळं ओमशेठच्या काट्यावर चढवलं. आणि ज्यावर जे चालतं त्यालाच ते नावानिशी बांधून ठेवलं. आपोआप नवीन घ्यायची सोय आम्ही बंद केली. जरा कष्ट पडतात, पण झोप लागते.

त्यानंतर पुण्याच्या भागीदारांचा सरांना फोन आला. सरांनी स्पीकर लावला. भागीदार म्हणाले, "ऑफिस राहू द्या तिकडंच. इथं बसून आम्हाला हे क्विंटल-किलो कळलं नसतं."

मी जिन्यात जाऊन यांना फोन केला. यांचा तास चालू होता, मागं पोरांचा पाढ्यांचा गलका.

"अहो, त्या पुण्याच्या खोलीवाल्याला नाही म्हणून कळवा."

"का? हवेशीर आहे की."

"तुम्हीच जाऊन राहा हवेत!" म्हणाले मी, आणि तिथंच जिन्यात बसून पोटभर रडले. आनंदानं. इरफान पाणी घेऊन आला, मला बघून ग्लास पायरीवर ठेवला आणि परत गेला.

तर या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. व्हर्जनचा नंबर हा पुढच्याला दिलेला शब्द असतो. तो खरा असावा, शुभ नसला तरी चालेल. आणि साहेबांना शकुन करायचाच असेल तर त्यांना नारळ द्यावा, पासवर्ड देऊ नये.